जास्त झालंय, घे

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जिन्यापासून चौथी खोली आमची आणि पाचवी काकूंची. मधे एकच भिंत, तीही इतकी पातळ की काकूंनी फोडणीत मोहरी टाकली की तडतड आमच्याकडे ऐकू यायची. आम्ही साताऱ्याकडचे, काकू मालवणकडच्या. आमच्याकडे भाकरी थापली जायची, त्यांच्याकडे भात शिजायचा. त्यांच्या नारळाचा आणि आमच्या कांद्या-लसणीचा वास गॅलरीत एकमेकांत मिसळायचा, आणि सुट्टीत गावी गेलं की मला त्या मिश्र वासाशिवाय करमायचं नाही.

वडील गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. सुमारे अडीच लाख कामगार एका दिवशी बाहेर पडले हे आकडे मला पुढे पेपरात वाचून कळले. तेव्हा कळलं ते एवढंच की सकाळचा भोंगा बंद झाला आणि वडील दिवसा घरात दिसायला लागले. दिवसा घरात दिसणारा बाप ही दहा बाय बाराच्या खोलीत फार मोठी गोष्ट असते. त्यांना कुठे बसावं तेच कळायचं नाही. आई केर काढायला लागली की ते उठून गॅलरीत जायचे, गॅलरीत बायका कपडे वाळत घालायला आल्या की खाली नाक्यावर.

पहिले दोन महिने बरे गेले. मग आईच्या पाटल्या गेल्या. मग वाण्याची वही जाड होत गेली. आमचा वाणी गुजराती. वही उघडताना तो आमच्या तोंडाकडे बघायचा नाही, पेन्सिल जिभेला लावून खाली बघूनच लिहायचा. त्याचं ते न बघणं मला तेव्हा तुसडेपणा वाटायचा.

आणि मग काकूंचा टोप यायला लागला.

जर्मनचा टोप, एका बाजूला पोचा आलेला, वर पितळी ताटली झाकलेली. आत कधी कुळथाची पिठी आणि भात, कधी नुसता भात आणि कडेला जवळ्याची चटणी. काकू उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणायच्या, "जास्त झालंय गो, घे. उद्यापर्यंत आंबान जायत." आई म्हणायची, "कशाला हो," आणि हात पुढे करायची. एवढंच बोलणं. टोप यायचा तो नेमका वडील खाली नाक्यावर गेलेले असताना. हे मला फार उशिरा लक्षात आलं. भिंत पातळ होती. चपला पायात सरकवल्याचा आवाजही त्यांना कळत असणार.

काकू खानावळ चालवायच्या. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. गावाहून एकटे आलेले सहा-सात गिरणीकामगार दोन वेळ येऊन त्यांच्याकडे जेवायचे आणि पगाराला पैसे द्यायचे. गिरणगावात अशा बायका घरोघर होत्या. किराणा उधारीवर आणायचा, सावकाराचं व्याज भरायचं, आणि महिनाभर तव्यासमोर उभं राहून हातात उरायचं ते अगदी थोडं. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. संप लांबला तसे काकूंचे जेवणारे एकेक करून गावी गेले, काही तर दोन महिन्यांची बाकी ठेवून. काकूंचे यजमान गोदीत होते म्हणून एक पगार चालू होता, पण घरात दोन मुलगे, सासू आणि गावाहून औषधपाण्याला आलेलं कुणी ना कुणी असायचंच. जास्त व्हावं असं त्या घरात काही नव्हतं.

हे मला एका संध्याकाळी कळलं. टोप परत द्यायला गेले होते. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आईची शिस्त. आधी ती त्यात मूठभर साखर घालायची. मग चिमूटभर. त्या आठवड्यात साखरही संपली होती, म्हणून गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यातल्या तुळशीची चार पानं आणि दोन मंजिऱ्या टोपात होत्या. काकूंचे मुलगे आणि सासू जेवून उठले होते. काकू भाताचं मोठं पातेलं मांडीवर तिरकं धरून उलथन्यानं तळ खरवडत होत्या. करपलेले पापुद्रे ताटात पडले, त्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि बोटांनी कालवलं. मी उभीच राहिले. त्यांनी वर बघितलं.

"काय बघतंस गो? माका खरवडच आवडता."

मी घरी येऊन आईला सांगितलं, "काकूंकडे जास्त होत नाही. त्या खोटं बोलतात." आई स्टोव्हची पिन मारत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे मला. हे बाहेर बोलायचं नाही."

"मग आपण परत का नाही देत?"

यावर आईनं स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. आमच्या घरात संभाषण संपल्याची ती खूण होती.

नऊ वर्षांच्या मुलीला हे जड जातं. शाळेत सुविचार लिहून घेत होते, खोटे बोलू नये. आणि इथे दोन बायका रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभं राहून एकमेकींशी खोटं बोलत होत्या. एक म्हणत होती जास्त झालंय, दुसरी ते खरं मानल्यासारखं करत होती. दोघींनी मिळून चादरीची घडी घालावी तसं ते खोटं दोन टोकांनी धरलेलं होतं. एकीनं सोडलं असतं तर सगळं खाली पडलं असतं.

पुढे मी माणसांच्या चांगुलपणाकडे बघायला लागले की मला आधी ते टोक दिसतं. दिलं काय, किती दिलं हे नंतर. देताना निमित्त काय सांगितलं? आपल्याकडे निमित्तांचं एक भांडारच आहे. "इथून जातच होतो." "मला नाहीतरी झोप येत नव्हती." "एकट्यासाठी काय चहा टाकायचा, तूही घे." "मुलाला लहान झालेत, पडून होते." पैशांच्या बाबतीत तर आपण भाषेतच सोय करून ठेवली आहे. हातउसने. व्याज नाही, कागद नाही, तारीख नाही. कितीतरी हातउसने देतानाच देणाऱ्याला ठाऊक असतं की हे परत यायचे नाहीत. तरी तो "सवडीनं दे" म्हणतो, घेणारा "पहिल्या पगाराला देतो" म्हणतो. इथेही चादरीची दोन टोकं.

आभार मानायचं मात्र आपल्याला नीट जमत नाही. धन्यवाद हा शब्द घरात उच्चारला तर लोक दचकून बघतात. तो व्यासपीठावरचा शब्द. आभारप्रदर्शन म्हणजे श्रोते चपला शोधायला उठतात तो कार्यक्रमाचा भाग. कुणी आपलं केलं तर आपण म्हणतो, "कशाला उगाच त्रास घेतलात?" बाहेरच्या माणसाला ती तक्रार वाटेल. पण त्यात घेणाऱ्यानं देणाऱ्याला पुन्हा एकदा खोटं बोलायची संधी दिलेली असते: "त्रास कसला?"

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले आणि पुढची चोवीस वर्षं लोकलच्या बायकांच्या डब्यात काढली. त्या डब्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल. तिथे चौथ्या सीटसाठी अर्धी मांडी सरकवून देणारी बाई आणि त्याच चौथ्या सीटवरून केस ओढायला निघालेली बाई एकच असू शकते, हे सांगून ठेवते म्हणजे कुणी मला भाबडी समजणार नाही. तीन माणसांच्या बाकावर चौथीनं टेकायचं, हा नियम कुठल्याही रेल्वेनं केलेला नाही. आणि दारात लटकणारीची पर्स सात हातांमधून फिरत रॅकवर जाते, उतरायच्या वेळी त्याच सात हातांनी परत येते. त्यात कुणी कुणाला ओळखत नसतं.

आमचा बारा जणींचा ग्रुप होता आणि ग्रुपची भिशी. महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे एकीच्या हातात सहा हजार. पहिल्या तारखेनंतरच्या सोमवारी गाडीत चिठ्ठ्या टाकायच्या, शेजारच्या बाकावरचं कुणाचंही लहान मूल पकडून एक उचलायला लावायची. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याची नोकरी सुटली होती. ती बोलली नव्हती. पण डब्यातली भाजी बोलते. दोन आठवडे तिच्या डब्यात नुसती चटणी-पोळी होती आणि ती "डाएट करतेय" म्हणत होती. मुलाची बारावीची क्लासची फी भरायची होती, हेही कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेलं.

भिशीच्या आधीच्या शुक्रवारी ठाण्याला ती बाथरूमच्या रांगेत, म्हणजे आपल्या स्टेशनांवरच्या त्या अनंत रांगेत, उभी असताना आम्ही प्लॅटफॉर्मवर ठरवलं. सोमवारी चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. ज्यांची भिशी लागायची राहिली होती अशा आठ जणी. मी आठ चिठ्ठ्या लिहिल्या, आठींवर तिचंच नाव. अक्षर थोडं थोडं बदललं, का ते मलाही माहीत नाही. कुणी बघणार नव्हतंच.

स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या हलवल्या. एका शाळकरी मुलीनं एक उचलली आणि मोठ्यानं नाव वाचलं. आम्ही सगळ्या "अगंबाई!" करून ओरडलो. जरा जास्तच ओरडलो असू. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग काहीतरी वेगळं. ती माझ्या हातातल्या डब्याकडे बघत राहिली. सात चिठ्ठ्या आत होत्या. ग्रुपमध्ये एक रिवाज होता, उरलेल्या चिठ्ठ्या ज्याची त्याची उघडून "माझी कुठे होती बघू" म्हणून चेष्टा करायची. आता ती मागणार, असं वाटून माझ्या पोटात गोळा आला.

तिनं डबा माझ्या हातातून घेतला, खिडकीशी गेली आणि सगळ्या चिठ्ठ्या बाहेर उपडी केल्या. मुंब्र्याच्या खाडीवर. परत येऊन डबा पदरानं पुसला आणि म्हणाली, "चला, आज समोसे माझ्याकडून."

तिला कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिनं आपलं टोक सोडलं नाही.

26 जुलै 2005 ची प्रत्येक मुंबईकराकडे आपापली गोष्ट असते, आणि ती सुरू झाली की बाकीचे आपली सांगायची वाट बघत असतात. त्यामुळे थोडक्यात सांगते. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो मंगळवार. ऑफिस साकीनाक्याला. गाड्या बंद झाल्यावर आम्ही चालत निघालो आणि कुर्ल्याच्या अलीकडे पाणी छातीला लागलं. रस्त्यात ठिकठिकाणी पोरं दोर धरून उभी होती. उघड्या गटारांच्या भोवती उभं राहून "इधर से नहीं, उधर से" असं ओरडत होती. कितीतरी तास ती तशीच त्या पाण्यात उभी असणार. त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही, आवाज आठवतात.

रात्री दहाच्या सुमाराला एका गल्लीत एका बाईनं मला हाताला धरून माळ्यावर ओढून घेतलं. खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं, गादी, टीव्ही, धान्याचे डबे सगळं माळ्यावर चढवलेलं. दूध नव्हतं म्हणून काळा चहा. आणि ट्रंकेतून तिनं एक सलवार-कमीज काढली, हिरवी, बारीक फुलांची, कोरी करकरीत. मी नको म्हणायला लागले तर म्हणाली, "ले लो बाजी, मेरे को ये टाइट होता है. वापस लाने का नहीं."

ती माझ्याहून बारीक होती. मेणबत्तीच्या उजेडातही दिसत होतं. तो कपडा तिला टाइट झालाच नसता.

नंतर मी दोनदा ती गल्ली शोधायला गेले. पाणी उतरल्यावर सगळ्याच गल्ल्या सारख्या दिसत होत्या, दारात चिखलानं माखलेल्या गाद्या आणि ओल्या धान्याचा आंबूस वास. घर सापडलं नाही. कपडा अजून माझ्याकडे आहे. तो मला तेव्हाही घट्टच झाला होता.

आता जिथे मी माझं टोक सोडलं ती गोष्ट. ही लिहावी की नाही यावर बरेच दिवस गेले.

मे 2020. मुंबईहून माणसं पायी गावाला निघाली होती. नाशिक हायवेनं कसाऱ्याच्या घाटाकडे रांगच्या रांग. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, सायकलला बांधलेले संसार. आमच्या सोसायटीनं रीतसर परवानगी काढून भिवंडी बायपासला पुरी-भाजीची पाकिटं वाटायचं ठरवलं. बायकांनी पहाटेपासून पुऱ्या लाटल्या. दोनशे पाकिटं. आम्ही पाच जण मास्क लावून, ग्लोव्ह्ज घालून गाडीच्या डिकीशी उभे राहिलो. सोसायटीतल्या एकानं मोबाइल काढला. ग्रुपवर टाकायला हवं, लोकांनी पैसे दिलेत, हिशोब दिसायला हवा. कारण अगदी रास्त होतं.

एक माणूस आला. खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी. त्यानं हात पुढे केला, मी पाकीट पुढे केलं, आणि समोरून, "मॅडम, जरा इकडे बघा." त्या माणसाचा हात हवेत थांबला. त्यानं मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. राग अजिबात नव्हता. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "पहले फोटो निकाल लो. फिर दे देना."

आणि तो उभा राहिला. फोटोसाठी. खांद्यावरची मुलगी हसली सुद्धा, तिला फोटो म्हणजे हसायचं एवढं माहीत होतं.

मी काय केलं? काही नाही. फोटो होऊ दिला, पाकीट दिलं. तो गेला. त्या फोटोवर ग्रुपमध्ये त्रेचाळीस अंगठे आले. मी तो माझ्या मोबाइलमधून काढून टाकला. पण तो इतर किती मोबाइलांत असेल आणि त्यात तो माणूस अजून हात पुढे करून उभा असेल, याला मी काय करू शकते?

दुसऱ्या दिवशी मागच्या बिल्डिंगीतले एक आजोबा आमच्याबरोबर आले. एसटीत कंडक्टर होते. त्यांनी पाकिटांचं टेबल रस्त्याच्या कडेला मांडून घेतलं, स्वतः स्टूल घेऊन रस्त्याकडे चक्क पाठ करून बसले आणि बसस्टँडवरच्या आवाजात ओरडायला लागले, "ले जाओ भाई, ले जाओ! गाडी वापस जाने का टाइम हो गया! नहीं तो सब फेंकना पड़ेगा!"

आदल्या दिवशी लोक थबकत, बुजत येत होते. त्या दिवशी सरळ टेबलाशी आले. एका पोरानं चार पाकिटं उचलली आणि आजोबांच्या पाठीला म्हणाला, "फेंकना मत चाचा, हम ले जाते हैं."

आजोबा मागे न वळता म्हणाले, "मेहरबानी!"

मला एकदम आमच्या वाण्याची पेन्सिल आठवली. खाली बघून लिहिणारी. चाळीस वर्षांनी मला त्या माणसाचं कौतुक वाटलं, आणि तो तेव्हाच कधीतरी कच्छला परत गेल्याचं ऐकलं होतं.

आषाढीच्या वारीत हे उघड्यावर बघायला मिळतं. वाटेवरच्या गावातला माणूस वारकऱ्याला भाकरी देतो आणि वर त्याच्याच पाया पडतो. चपला शिवणारा फुकट चपला शिवून देतो आणि गिऱ्हाइकाला "माउली" म्हणतो. देणारा वाकतो, घेणारा उभा. आणि गाडगेबाबांनी तर दुसऱ्याच बाजूनं हिशोब मिटवला होता. कुणाच्या दारात भाकरी मागायची तर आधी त्याची लाकडं फोडून द्यायची किंवा अंगण झाडायचं, आणि स्वतःच्या पाया कुणाला पडू द्यायचं नाही. परळच्या इस्पितळांत गावोगावहून आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारात परळला हेलपाटे घालताना तिथल्या दोन-तीन कुटुंबांशी माझी बोलाचाल झाली होती. विदर्भातली एक बाई मला रोज विचारायची, "जेवली का?" कॅन्सर तिच्या नवऱ्याला होता, आणि जेवलीस का हे ती मला विचारत होती.

वडिलांवरून आठवलं. काकूंच्या टोपानं संप जिंकला नाही. तो रीतसर मागेही घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. वडील पुढे एका बिल्डिंगीत वॉचमन झाले. अडीच लाख घरांचा प्रश्न पिठी-भातानं सुटत नसतो, आणि शेजाऱ्यांचा चांगुलपणा आहे म्हणून पगार बुडवला तरी चालेल असं कुणी म्हणायला लागलं तर मला त्याचा राग येतो. पूर आला की "मुंबईचं स्पिरिट" म्हणून पाठ थोपटतात तेव्हाही येतो. गटाराची झाकणं जागेवर असती तर ती पोरं दोर धरून कशाला उभी राहिली असती?

गेल्या मेमध्ये कुडाळला उतरून काकूंकडे गेले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. यजमान गेल्यावर गावच्या घरात राहतात, धाकटा मुलगा आणि सून जवळ आहेत. मुंबईत होत्या तेव्हापेक्षा मालवणी घट्ट झाली आहे, ऐकू कमी येतं. खळ्यात सोलं वाळत घातली होती आणि त्या काठी घेऊन कोंबड्या हाकत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झालं, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचं झालं. मग मी इतकी वर्षं मनात धरलेलं विचारलंच. मोठ्यानं विचारावं लागलं, त्यामुळे सगळी मजाच गेली.

"काकू, संपाच्या वेळी तुमच्याकडे खरंच जास्त व्हायचं?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "जास्त खयचा गो? सात माणसांचा जेवान करी मी. डोळे मिटून माप घालीन."

"मग?"

"ह्या तुझ्या आवशीकडना शिकलंय मी."

मला कळेना. मग तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं. माझ्या जन्माच्याही आधी काकू लग्न होऊन नव्या नव्या चाळीत आल्या, तेव्हा यजमानांना गोदीत काम लागलेलं नव्हतं. रोज सकाळी ते डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी तसेच परत. चाळीत कुणाला पत्ता नव्हता. "डबो रिकामीच असायचो," काकू म्हणाल्या. आमच्या आईनं भिंतीपलीकडून काय ऐकलं, किंवा काय ऐकू आलं नाही, तिलाच ठाऊक. फोडणीचा आवाज येईना, एवढं तर कळलंच असेल. संध्याकाळी ती फडक्यात गुंडाळलेल्या चार भाकऱ्या घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. जास्ती झाल्यात म्हणायची.

"चार म्हयने," काकू हसत बोटं दाखवून म्हणाल्या. "चार म्हयने रोज जास्ती!"

निघताना त्यांनी सुनेला हाक मारून बोर्नव्हिटाची एक मोठी बरणी आणवली. सोलं गच्च भरलेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "यंदा जास्त जाली." मी खळ्याकडे बघितलं. वाळत घातलेली चटई काही फार मोठी नव्हती. बरणी घेतली.

घरी आल्यावर आईनं झाकण उघडून नाकाशी धरलं. तिला आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, सगळं वासानं ओळखते. बोटानं खोली मापून म्हणाली, "एवढी दिलीन? तिच्याकडे उरली का काही?"

"जास्त झाली म्हणाल्या."

"होतात एखाद्या वर्षी."

मी जरा वेळ थांबले. म्हटलं, "मला सांगितलं काकूंनी. चार महिन्यांच्या भाकऱ्यांचं."

आईनं झाकण फिरवून घट्ट लावलं. एकदा लावलं ते बरोबर बसलं नाही म्हणून काढून परत लावलं.

"काय सांगायचंय त्यात," ती म्हणाली. "नवीन होते मी. पिठाचा अंदाज नव्हता हाताला." मग बरणी माझ्याकडे सरकवली. "ही संपली की मला सांग. तशीच नको पाठवूस."